डी५३००, चार जीबीचा लॅपटॉप आणि ४५ हजार रुपये: पैसे कुठे घालायचे

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुलाच बघता येईल. तुझ्याकडे निकॉन डी५३०० आहे, सोबत आलेली १८-५५ किट लेन्स आहे, घरी ४ जीबी रॅमचा आय३ लॅपटॉप आहे ज्यात जुनी फिरणारी हार्डडिस्क आहे, आणि साठवलेले ४५ हजार आहेत. काढायचंय काय, तर आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातले माग, सिद्धेश्वरांची यात्रा, आणि जमलं तर नान्नजच्या माळढोक अभयारण्यातले काळवीट. आणि विचारतोयस की सेकंडहँड फुलफ्रेम मिररलेस (मोठ्या सेन्सरचा, आत आरसा नसलेला कॅमेरा) घेऊ का, नवा लॅपटॉप घेऊ का, का रास्पबेरी पाय ह्या तळहाताएवढ्या स्वस्त कॉम्प्युटरवर भागेल, शिवाय फोटो एडिट करायला लाइटरूमचे पैसे भरू का फुकटातलं डार्कटेबल शिकू.

बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, घेऊ नको. हे पहिल्यांदाच सांगून टाकतो, कारण त्या पैशात बॉडी घेतलीस तर हातात लेन्स राहणार नाही आणि फाइली मात्र उघडणार त्याच चार जीबीच्या लॅपटॉपवर. डी५३०० हा २०१३ चा कॅमेरा असला तरी २४ मेगापिक्सेलचा आहे, सेन्सरवर लो-पास फिल्टर (बारीक तपशील किंचित पुसट करणारी काच) नाही त्यामुळे कापडाचा पोत चांगला कोरून येतो, आणि १२ बाय १८ ची प्रिंट ३०० डीपीआयने काढायची म्हटली तरी ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, म्हणजे साडेएकोणीस मेगापिक्सेल. त्यापेक्षा मोठी प्रिंट तू वर्षातून किती वेळा काढणारेस?

मी १५ वर्षं हौसेने फोटो काढतोय, सुरुवात डी३१०० ने केली, आणि नोकरी शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये, त्यामुळे जुनी मशीनं उघडणं, रॅम बदलणं, पंखे साफ करणं हे रोजचंच. एवढ्या वर्षांत माझं एकच मत पक्कं झालंय, ज्या दिवशी फोटो काढले त्याच रात्री ते बघून, निवडून, दुसऱ्या डिस्कवर गेले पाहिजेत. जे त्या रात्री बघितले नाहीत ते फोटो पडून राहतात, आणि पडून राहिलेले फोटो जातात. तुझी सगळी खरेदी ह्या एका हिशोबावर ठरव.

हे मी कशामुळे म्हणतोय ते सांगतो. २०१७ च्या यात्रेत माझ्याकडेपण डी५३००च होता. माझे थोरले काका त्या वर्षी शेवटचे बाराबंदी (बंदांच्या गाठी मारून घालायचा पांढरा अंगरखा) घालून नंदीध्वजांच्या, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्यांच्या, मिरवणुकीत चालले, पुढच्या वर्षी गुडघ्यांनी साथ दिली नाही आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत ते गेले. त्या यात्रेत मी १४०० फोटो काढले, सगळे रॉ, म्हणजे सेन्सरवरची मूळ माहिती जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाइली. एक फाइल २५ एमबीच्या आसपास, म्हणजे एकूण ३५ जीबी. तेव्हाच्या माझ्या लॅपटॉपवर एक रॉ फाइल नीट उघडायला २० सेकंद लागायचे, आता १४०० ला २० ने गुण, नुसतं एकदा उघडून बघायलाच पावणेआठ तास होतात. दोन-तीन रात्री बसलो, शंभरएक फोटो बघितले, कंटाळा आला, मग म्हटलं उन्हाळ्याच्या सुट्टीत बघू. सगळं एकाच एक्स्टर्नल डिस्कवर टाकून कार्ड फॉरमॅट केलं. सप्टेंबरमध्ये ती डिस्क टकटक आवाज करायला लागली आणि दोन दिवसांत दिसायचीच बंद झाली. एका ठिकाणी डेटा परत मिळतो म्हणून नेली, महिनाभर ठेवून घेतली आणि तशीच परत दिली.

काकांचा त्या मिरवणुकीतला एकच फोटो राहिला, कारण त्या दिवशी कॅमेऱ्याच्या वायफायवरून फोनवर घेऊन चुलतभावाला व्हॉट्सॲपवर पाठवला होता. लांबीला १६०० पिक्सेल. काका गेल्यावर काकूंनी तो ८ बाय १२ करून मागितला, म्हणजे इंचाला १३३ पिक्सेल. भिंतीवर लांबून बरा दिसतो. जवळ गेलं की बाराबंदीच्या गाठी दिसायच्या तिथं नुसता पांढरा लगदा आहे, आणि मला माहितीय की मूळ फाइलीत त्या गाठी मोजता आल्या असत्या.

आता लेन्सकडे येतो, कारण तुझ्या ४५ हजारातली पहिली खरेदी ती आहे. ३५ एमएम एफ १.८ जी, डीएक्सवाली (तुझ्यासारख्या लहान सेन्सरच्या निकॉनसाठीची). सेकंडहँड आठ-नऊ हजारात मिळून जाईल. लोक तुला ५० एमएम सांगतील, पण डी५३०० चा सेन्सर फुलफ्रेमपेक्षा लहान, त्यामुळे क्रॉप दीडपट आहे, ५० चा ७५ होतो, आणि मागाच्या कारखान्यात दोन मागांच्या मधल्या बोळात उभं राहिलास की ७५ मध्ये माणसाचं नुसतं तोंड येतं, माग राहतो बाहेर. ३५ चा साधारण ५२ होतो, माणूस आणि त्याचं काम दोन्ही मावतं. आणि घेताना शेवटचं अक्षर बघ, जी पाहिजे. स्वस्तात ५० एमएम १.८ डी मिळते म्हणून घेऊ नको, तुझ्या बॉडीत फोकसची मोटर नाही, ती लेन्स तुझ्याकडे ऑटोफोकस करणारच नाही. माझ्या ओळखीतल्या दोघांनी अशी घेतलीय आणि दोघांचीपण कपाटात आहे.

किटवर ३५ एमएमला तुला एफ ४.५ च्या आसपास मिळतं (हा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं आतलं भोक मोठं), तिथून १.८ ला आलास की सहापट उजेड. कारखान्यात जिथं तू ६४०० आयएसओवर (आयएसओ वाढवला की फोटोत दाणे येतात) काढतोयस तिथं १००० वर काम होईल. अर्थात १.८ वर फोकसची पट्टी फार बारीक असते, डोळा आणि हात दोन्ही स्पष्ट पाहिजेत तर २.८ वर ये, तरीपण फायदाच आहे.

मागाचे फोटो काढताना तू लिहिलंयस की काही फ्रेम पिवळट येतात, काही अर्ध्या काळ्या, आणि त्यासाठी तू बॉडीला दोष देतोयस. बॉडीचा काही संबंध नाही त्यात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकवाला ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, डोळ्याला कळत नाही पण शटरला कळतं. तू शटर १/५०० सेकंदावर ठेवलास की त्या चक्राचा एक तुकडाच पकडला जातो, कधी उजेडाचा कधी अंधाराचा, आणि पडदा वरून खाली सरकताना उजेड बदलला की फ्रेममध्ये पट्टा येतो. शटर १/१०० नाहीतर १/५० ठेव, एक किंवा दोन पूर्ण चक्रं पकडली जातात आणि सगळ्या फ्रेम सारख्या येतात. नव्या कॅमेऱ्यांत फ्लिकर रिडक्शन असतं, तुझ्यात स्टिलसाठी ते नाही, पण १/१०० असल्यावर त्याची गरजही नाही. उलट १/१०० वर धोटा थोडा पुसट येतो आणि विणकराचा हात स्थिर राहतो, माग चालू आहे हे त्या पुसटपणामुळेच कळतं. धोटा एकदम गोठवलेला फोटो बघितला तर माग बंद असल्यासारखा वाटतो.

आणि कारखान्यात लेन्स बदलायची नाही, अजिबात नाही. तिथं हवेत रुईचे तूस असतात, खिडकीतून तिरीप येते तेव्हा बघ, अख्खी तिरीप भरलेली असते. बाहेर रस्त्यावर येऊन, कॅमेऱ्याचं तोंड खाली करून बदल. घरी आल्यावर एफ १६ ला पांढऱ्या भिंतीचा मुद्दाम आउट ऑफ फोकस फोटो काढून बघ, काळे ठिपके दिसले तर रबरी ब्लोअरने, परत तोंड खालीच ठेवून, हवा मार. डबीतल्या गॅसचा स्प्रे सेन्सरवर मारू नको. कोकणातल्या माणसाला लेन्समधल्या बुरशीची काळजी असते, आपल्याला सोलापुरात धुळीची.

आता कॉम्प्युटर. त्याआधी एक फुकटातली गोष्ट सांगतो, ही मला २०१७ ला माहीत असती तर वरचं सगळं घडलं नसतं. फोटो निवडायला रॉ फाइल उघडावी लागतच नाही. तुझ्या कॅमेऱ्याच्या प्रत्येक रॉ फाइलीच्या पोटात कॅमेऱ्याने बनवलेला पूर्ण आकाराचा जेपेग असतो. एक्सएनव्ह्यू एमपी किंवा लिनक्सवर जीकी असले हलके प्रोग्रॅम तो जेपेगच दाखवतात, त्यामुळे तुझ्या आत्ताच्या चार जीबीच्या लॅपटॉपवरपण फोटो भराभर पुढं सरकतात. रात्री जेवण झाल्यावर ४०० फोटो घेऊन बसलास तर तासाभरात ४० वर येशील. मग त्या ४० पुरतंच डार्कटेबल उघडायचं. मशीन हळू आहे म्हणून फोटो पडून राहतात असं आपण म्हणतो, त्यातला अर्धा भाग हा की आपण सगळ्या फाइली जड सॉफ्टवेअरमध्ये ओततो.

तरी एडिटिंगला मशीन लागणारच. नवा लॅपटॉप ४० हजारात घेशील तर त्याचा स्क्रीन यथातथा असेल आणि बऱ्याच मॉडेलांत रॅम बोर्डलाच चिकटवलेली असते, पुढं वाढवता येत नाही. माझं म्हणणं, ऑफिसांमधून निघालेला छोटा पीसी घे, एखाद्या जाड पुस्तकाएवढा येतो तो. लेनोवो थिंकसेंटर एम७२०क्यू, डेल ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपी एलिटडेस्क मिनी, तिन्ही एकाच पंथाचे. इंटेल आठव्या पिढीचा आय५ बघ, ८४००टी किंवा ८५००टी, सहा कोअर आणि ३५ वॅटचा प्रोसेसर. आठव्या पिढीच्या खाली स्वस्त मिळतात, सहावी-सातवी पिढी तर ढिगाने, कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ त्यांच्यावर अधिकृतपणे बसत नाही. तू लिनक्सच टाकणार असशील तर सातवी पिढीपण चालेल, पण आठवीत चाराचे सहा कोअर झाले, आणि एक्स्पोर्टला, म्हणजे एडिट केलेले फोटो जेपेग म्हणून बाहेर काढताना, तो फरक जाणवतो.

मी माझा घेतला तो १४ हजारात, ८ जीबी रॅमसकट. घरी आणला, वर्तमानपत्र पसरलं, मागचा एक स्क्रू काढला की झाकण सरकतं. आत पंख्याच्या जाळीवर धुळीचा नमदा बसला होता, अक्षरशः बोटाने सोलून निघाला, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (त्याची उष्णता बाहेर न्यायचा लेप) वाळून खडू झालेली. दोन्ही साफ केलं, नवी पेस्ट लावली, रिकाम्या स्लॉटमध्ये अजून ८ जीबी रॅम, एम.२ स्लॉटमध्ये ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क. एक्स्पोर्ट चालू असताना आधी तापमान ९० च्या वर जात होतं ते ७२-७४ वर आलं. आपल्याकडे हे महत्त्वाचं आहे कारण एप्रिल-मेमध्ये खोलीतच ४० असतं, मशीनला आत ओढायला थंड हवा मिळतच नाही, आणि तापलं की प्रोसेसर आपला वेग स्वतःच कमी करतो. मे महिन्यात मी एक्स्पोर्ट पहाटे लावतो.

रास्पबेरी पायवर एडिटिंग करू नको. मी पाय ४, चार जीबीवर करून बघितलंय, डार्कटेबल बसतं, चालतंही, पण स्लायडर हलवला की फोटो बदलायची वाट बघत बसावं लागतं, आणि वाट बघायला लागली की माणूस चुकीचा निर्णय घेऊन मोकळा होतो. पाय ५ त्याच्यापेक्षा बराच वेगवान आहे, पण केस, चार्जर, पंखा, एसएसडी हे सगळं जोडत गेलास की किंमत त्या ऑफिसच्या पीसीच्या जवळ जाते आणि ताकद नाही जात. पाय कशाला चांगला, तर बॅकअपला. माझा पाय ४ आता माळ्याखाली राउटरशेजारी असतो, रात्री दोनला आरसिंक नावाचा फाइली कॉपी करणारा प्रोग्रॅम चालतो आणि दिवसभराचं जे नवीन असेल ते दुसऱ्या डिस्कवर जातं. त्यात दोन गोष्टी सांभाळ. पाय ४ च्या सगळ्या यूएसबी पोर्टांना मिळून १.२ अँपियरच मिळतो, दोन पोर्टेबल हार्डडिस्क थेट लावल्यास तर मध्येच एक गायब होते, त्याला स्वतःचा चार्जर असलेला हब लागतो. आणि लाइट गेली की मेमरी कार्डावरची सिस्टिम बिघडते, माझी दोनदा बिघडली, तेव्हापासून छोट्या एसएसडीवरून चालू करतो आणि इन्व्हर्टरच्या लाइनवर ठेवलाय.

पण तू पाय आत्ताच घ्यायला पाहिजे असं काही नाही. एक-एक टीबीच्या दोन डिस्क घे, शक्यतो दोन वेगळ्या कंपन्यांच्या. एक टेबलावर, दुसरी महिन्यातून एकदा भरून मामाकडे नाहीतर मित्राच्या घरी. पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरने ३-२-१ म्हणून जो नियम लोकांपर्यंत नेला तो हाच, तीन प्रती (तिसरी पीसीतच असते), दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. कार्ड मात्र दोन ठिकाणी प्रत झाल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही, ह्याला अपवाद नाही.

सॉफ्टवेअरचं फार लांबवत नाही. लाइटरूम उत्तम आहे, मी वापरलंय, पण आता ते वर्गणीवरच मिळतं आणि लिनक्सवर चालत नाही. तुझ्या बजेटमध्ये डार्कटेबल. पहिल्या दिवशी फोटो उघडल्यावर तो कॅमेऱ्याच्या स्क्रीनपेक्षा फिका दिसेल, तिथं घाबरून बंद करू नको, कॅमेरा जेपेगवर रंग आणि कॉन्ट्रास्ट चढवून दाखवतो, इथं ते तू चढवायचंय. सुरुवातीला चारच मॉड्यूल शिक: एक्स्पोजर (उजेड), सिग्मॉइड (कॉन्ट्रास्ट), डिनॉइज प्रोफाइल्ड (दाणे कमी करायला), लेन्स करेक्शन (लेन्सचे दोष काढायला). महिनाभर बाकी कशाला हात लावू नको. आणि प्रत्येक फोटोशेजारी जी एक्सएमपी नावाची छोटी फाइल तयार होते तिच्यात तू केलेले बदल असतात, ती तुझी मेहनत आहे, बॅकअप घेताना ती बरोबर गेली पाहिजे. लाइटरूमवाल्यांचंपण तेच, फोटो जपून ठेवतात आणि कॅटलॉग विसरतात.

रॉ कशाला, हे तू विचारलं नाहीस पण यात्रेत तुला त्याची गरज पडणार. संमती कट्ट्याजवळ अक्षता सोहळ्याला (यात्रेतला सिद्धेश्वरांच्या लग्नाचा विधी) उभा राहिलास की समोर शेकडो पांढऱ्या बाराबंद्या, वरून ऊन. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून चालतो, त्यामुळे पांढरं राखाडी येतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +०.७ कर, म्हणजे मीटर सांगतो त्यापेक्षा थोडा जास्त उजेड, आणि स्क्रीनवर हायलाइट (फार उजळ जागा) लुकलुकतात का बघ, लुकलुकले तर +०.३ वर ये. तरी चुकतंच, गर्दीत धक्के बसत असताना कोण एवढं बघतंय. जेपेगमध्ये एका रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिट रॉमध्ये १६,३८४. कापडाच्या घड्या परत मिळतात त्या ह्यामुळे.

मॉनिटरसाठी पाच-सहा हजार बाजूला ठेव, जुना का असेना पण आयपीएस पॅनेलचा (बाजूने बघितलं तरी रंग फारसे बदलत नाहीत). आणि त्याचा ब्राइटनेस कमी कर, बहुतेकांचा १०० वर असतो. एकदा एका विणकर मामांचा फोटो मी १२ बाय १८ करून नेऊन दिला, स्क्रीनवर मला तो फार आवडला होता. मामांनी चष्मा पुसला, दारात उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, "बाळा, ह्यात माग दिसालाय, मी कुठाय?" खरंच होतं, मागाच्या लोखंडावर उजेड आला होता आणि त्यांचा चेहरा सावलीत पूर्ण बुडाला होता, माझ्या भगभगीत स्क्रीनवर मला तो दिसत होता एवढंच. त्या रात्री ब्राइटनेस ३५ वर आणला, कोरा कागद स्क्रीनशेजारी धरून दोन्ही सारखे उजळ दिसेपर्यंत, फोटो परत केला, परत प्रिंट काढली. तेव्हापासून आधी ४ बाय ६ ची चाचणी प्रिंट काढतो, मग मोठी. लॅबला फाइल एसआरजीबी ह्या रंगपद्धतीत दे.

नान्नजसाठी ह्या ४५ हजारात काही बसवू नको. माळढोकाच्या ओढीने सगळे जातात, तो आता दिसणं फार दुर्मिळ झालंय, काळवीट मात्र दिसतात, आणि नशीब असेल तर लांडगा. त्याला ३०० एमएम तरी लागते, ती पुढच्या वर्षी. आणि तेव्हाही उन्हाळ्यात आठच्या आत काम उरक, त्यानंतर जमिनीवरून हवा उकळल्यासारखी हलायला लागते आणि लाखाची लेन्स लावली तरी फोटो मऊच येतो.

म्हणजे लेन्स नऊ, पीसी चौदा-पंधरा, रॅम आणि एसएसडी मिळून पाच, मॉनिटर सहा, दोन डिस्क नऊ. चव्वेचाळीसच्या आसपास बसतंय. पीसी घेताना दुकानात झाकण उघडून दाखवायला सांग, आत रॅमचे दोन स्लॉट आणि एम.२ चा स्लॉट आहे का ते स्वतः बघ, त्याचा अडॅप्टर मूळ कंपनीचा आहे का ते बघ, आणि १५ मिनिटं एखादा मोठा व्हिडिओ चालवून पंख्याचा आवाज ऐक. घ्यायच्या आधी आतला फोटो काढून मला पाठव, रॅम कोणती घ्यायची ते सांगतो. आणि आज रात्रीच एक्सएनव्ह्यू टाकून मागच्या यात्रेचं ते फोल्डर उघड, त्यासाठी काहीच विकत घ्यायला लागत नाही.